घंटा आधीची, मनोरा नंतरचा : वऱ्हाडातल्या एका चर्चचं प्रकरण

चर्चच्या कमिटीने माझ्यापुढे ठेवलेला प्रश्न एका ओळीचा होता : मनोरा पाडायचा की ठेवायचा? सोबत एका अभियंत्याचा दोन पानी अहवाल होता. मनोरा जुना आहे, भेगाळला आहे, तेव्हा तो उतरवून त्या जागी आरसीसीचा नवा बांधावा, असं त्यात म्हटलं होतं. अंदाजपत्रकही जोडलेलं होतं. 'जुना' हा शब्द अहवालात पुन्हा पुन्हा येत होता. पण किती जुना, कोणता भाग जुना, भेगा कधीपासूनच्या, याबद्दल एकही वाक्य नव्हतं. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. माझा अनुभव असा आहे की ही तीन उत्तरं हातात आल्याशिवाय पाडण्याचा निर्णय घेऊ नये, आणि ठेवण्याचाही घेऊ नये.

गाव अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. कमिटीच्या विनंतीवरून त्याचं नाव देत नाही. बाजाराचं गाव, दोन जिनिंग-प्रेसिंग, त्यातली एक बंद, भोवती कपाशी, तूर आणि आता बरीच संत्री. मिशन कंपाउंड गावाच्या कडेला आहे. चर्च बुटकं, पूर्वी कौलारू, आता वर पत्रे. त्याच्या पश्चिमेच्या कोपऱ्याला हा मनोरा चिकटून उभा आहे. खालचे दोन मजले काळ्या दगडाचे, चुन्यातले. वरचा मजला विटांचा, चारही अंगांना कमानी आणि कमानींत सागवानी झडपा. उंची साधारण चाळीस फूट. शहरात अशा उंचीकडे कोणी मान वर करून पाहणार नाही. इथे शेतातून घरी येणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी दिसतं ते हे टोक.

मी कमिटीला सांगितलं, मला एक उन्हाळा आणि एक पावसाळा द्या, मग उत्तर देते. पाळकसाहेबांनी ते मान्य केलं. तरुण मंडळींना ते पटलं नव्हतं. त्यांना नाताळच्या आत काम सुरू व्हायला हवं होतं.

पहिले काही दिवस मी मनोऱ्याला हातही लावला नाही. लोकांकडे बसले. घंटा वाजवण्याचं काम एका घराण्याकडे चार पिढ्यांपासून आहे. आज ते त्या घरच्या सुनेकडे आहे. सगळं गाव त्यांना मावशी म्हणतं, मीही मावशीच म्हणायला लागले. मावशींकडे घंटेबद्दल दोन गोष्टी होत्या. पहिली : "ताई, आमच्या आजसासऱ्यानं बंडीवर आणली घंटी परतवाड्याहून. लष्कर उठलं तवा." दुसरी : "दुस्काळाच्या पोट्ट्यायनं बांधला हा मनोरा." कमिटीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांचं म्हणणं वेगळं होतं. घंटा पोर्तुगीज आहे, वसईची आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा मराठा सरदारांनी देशभर नेल्या, त्यातलीच ही एक भोसल्यांच्या माणसांबरोबर वऱ्हाडात आली. ही कल्पना हवेतली नव्हती. नाशिकच्या नारोशंकराची घंटा तशीच आलेली आहे, वाईजवळच्या मेणवलीची तशीच, भीमाशंकरचीही. नारोशंकराची घंटा तर मराठीत म्हणच होऊन बसली. आपल्या गावच्या घंटेलाही तो मान मिळावा, असं त्यांना वाटत होतं आणि त्यात गैर काही नाही.

भेगांबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या रात्री, किल्लारीचा भूकंप झाला. त्याचा हादरा इथवर जाणवला आणि मनोरा चर्चपासून फाटला. हे मला दहाजणांनी सांगितलं, दहाहीजणांनी तारखेसकट.

वर चढायला दोन महिने थांबावं लागलं. झडपांच्या आतल्या बाजूला आग्या मोहोळ होतं. चार वर्षांपूर्वी रंगकामाला चढलेल्या एका मुलाला त्या माशांनी इतकं फोडलं होतं की त्याला अमरावतीला न्यावं लागलं, आणि तेव्हापासून वर कोणीच गेलं नव्हतं. मेळघाटातून मध काढणारे दोघे कोरकू भाऊ आले. त्यांनी अमावास्येच्या रात्री धूर करून मोहोळ उठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॉर्च, मीटर टेप, कोळसा, पातळ कागद आणि जुन्या लाऊडस्पीकरमधून काढलेलं एक चुंबक घेऊन वर गेले.

चुंबक घंटेला टेकवलं आणि ते खटकन चिकटलं.

खाली उतरून मी ज्येष्ठ गृहस्थांना ते सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं. पण वसईची गोष्ट तिथेच संपली. पोर्तुगिजांच्या घंटा कांस्याच्या, म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील अशा मिश्रणाच्या. त्याला चुंबक धरत नाही. आमची घंटा पोलादी होती. ओतीव पोलादाच्या घंटा जगात बनायला लागल्या त्याच मुळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, जर्मनीतल्या बोखुम इथे आणि इंग्लंडमधल्या शेफिल्डला. कांस्याच्या घंटेपेक्षा त्या खूप स्वस्त पडत. म्हणून पैसे कमी आणि अंतर जास्त अशा ठिकाणी त्यांना गिऱ्हाईक मिळालं : वसाहतींतली चर्च, अमेरिकेतली अग्निशमन केंद्रं, शाळा, कारखाने. आवाज कांस्यापेक्षा कोरडा, थोडा टणक. ज्यांनी हीच घंटा आयुष्यभर ऐकली, त्यांना अर्थात घंटेचा आवाज असाच असतो.

घंटेच्या खांद्यावर अक्षरं होती, पण गंजाच्या पापुद्र्यांखाली. पापुद्रा खरवडला असता तर अक्षरंच गेली असती. म्हणून वर कागद धरून कोळशाने हलकेच घासलं. अर्ध्या तासात अक्षरं कागदावर आली : नेलर व्हिकर्स अँड कंपनी, शेफिल्ड, त्याखाली कास्ट स्टील आणि रीपेचं पेटंट, म्हणजे पोलादी घंटा ओतण्याच्या पद्धतीचं. ओतल्याचं साल भिंतीकडच्या बाजूला असावं आणि तिथे गंजाने मोठे खड्डे पाडले होते. पण सालाची गरज नव्हती. हीच कंपनी १८६७ मध्ये व्हिकर्स, सन्स अँड कंपनी झाली. पुढे हीच व्हिकर्स तोफा, जहाजं आणि मशीनगनसाठी जगभर ओळखली गेली. नेलर हे नाव घंटेवर आहे, म्हणजे घंटा त्या बदलाच्या आधीची. रीपेचं पेटंट आहे, म्हणजे १८५० च्या दशकाच्या आधीची नाही. एवढ्याने सुमारे दहा-बारा वर्षांची चौकट मिळाली.

त्या चौकटीत वऱ्हाडाकडे पाहिलं की अंतर कळतं. सुएझचा कालवा १८६९ मध्ये उघडला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. ओतल्यानंतर लगेच निघाली असेल, तर ही घंटा आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला उतरली असणार. इतकी वजनी वस्तू इतक्या लांबून मागवणारं या मुलुखात त्या वेळी कोण होतं? या गावात तर मिशनचं पाऊलही पडलेलं नव्हतं. मागवणारं होतं लष्कर. एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, आणि त्याला लागून परतवाड्याची छावणी. तिथे हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलेल्या फौजेच्या पलटणी असत. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं तेच मुळी या कंटिंजंटच्या खर्चापोटी. पुढे १९०२ च्या करारात वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने मिळालं, १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं आणि कंटिंजंट मोडून तिच्या पलटणी हिंदी सैन्यात मिसळल्या. छावण्यांचं दिवसमान फिरलं. सामान विकलं गेलं, वाटलं गेलं, वाहून नेलं गेलं.

मावशींच्या घरात चार पिढ्या जपलेलं वाक्य होतं, "लष्कर उठलं तवा." त्यांना १९०३ हे साल माहीत नव्हतं, कंटिंजंट हा शब्दही नाही. पण वाक्य जिथे बोट दाखवत होतं तिथेच पोलादही बोट दाखवत होतं. घंटा मनोऱ्यापेक्षा चाळीसेक वर्षांनी मोठी होती आणि आधी दुसरीकडे कुठेतरी वाजून आलेली होती. परतवाडा हाच त्याचा सगळ्यात सरळ अर्थ लागतो. मी अहवालात तसंच लिहिलं, 'बहुधा' हा शब्द घालून.

मनोऱ्याच्या वयासाठी मी लग्नाच्या रजिस्टरांकडे वळले. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा. त्याने चर्चना लग्नांची नोंद ठेवणं भाग पाडलं आणि नोंदीत वराचा धंदा लिहायचा रकाना असतो. हा रकाना म्हणजे गावाच्या इतिहासाचं खाणकाम आहे, आणि तो कोणी वाचत नाही याचं मला मनापासून दुःख होतं. इथल्या रजिस्टरात आधीची वर्षं शेतमजूर, नोकर, शाळामास्तर असे धंदे आहेत. मग १८९९-१९०० च्या दुष्काळानंतरच्या काही वर्षांत एकदम गवंडी, बेलदार, चुनेवाला, सुतार असे नवरे ओळीने येतात. त्यानंतर ते पुन्हा विरळ होत जातात आणि जिनमधला मजूर, रेल्वेतला खलाशी असे धंदे सुरू होतात.

त्या दुष्काळाला जुनी मारवाडी माणसं अजून छप्पनचा काळ म्हणतात, विक्रम संवत १९५६ वरून. १८९६-९७ च्या दुष्काळातून लोक नीट उठलेही नव्हते, तोच १८९९ चा पाऊस गेला. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला दुष्काळ ठाऊकच नव्हता. इथे कमी पिकायचं, पण पिकायचं. त्या दोन सालांनी तो विश्वास मोडला. ठिकठिकाणच्या मिशनांनी अनाथ मुलं गोळा केली, आश्रम उघडले, मुलांना सुतारी, गवंडीकाम, शिवण शिकवलं. मावशींचं "दुस्काळाची पोट्टी" म्हणजे ही मुलं.

भिंत जवळून पाहिली की ते दिसतं. चारही कोपऱ्यांचे दगड घडीव, सांधे बारीक, ओळंब्यात अचूक. तिथे मुरलेल्या कारागिराचा हात आहे. कोपऱ्यांच्या मधलं बांधकाम मात्र तसं नाही. दगड लहानमोठे, सांधे कुठे बोटभर तर कुठे चार बोटं, थर चढत जाऊन मध्येच खाली आलेला. वर जाल तसतसे थर सरळ होत जातात. दुसऱ्या मजल्याच्या अर्ध्यावर सांधे जवळजवळ कोपऱ्यांइतके बारीक आहेत. मी पुष्कळ जुन्या भिंती पाहिल्या आहेत, पण शिकत गेलेला हात असा खालून वर वाचता यावा अशी भिंत क्वचित पाहिली. अभियंत्याच्या अहवालात याच भागाला 'निकृष्ट दर्जाचं दगडकाम' म्हटलं होतं. एका दृष्टीने ते खरं आहे. पण ज्यांना आई-बाप उरले नव्हते अशा पोरांनी थोरल्या मिस्त्रीच्या नजरेखाली लावलेले दगड आहेत ते, आणि त्यांतला चुना आजही नख लावला तर सुटत नाही.

कमिटीला यातलं सगळं सांगितल्यावर एकाने बरोबर प्रश्न विचारला : "ताई, हे सगळं ठीक आहे. पण इतिहास ऐकून भेग बुजणार आहे का?" या प्रकरणात भेगेवर उपाय सापडला तो इतिहासामुळेच. ते कसं झालं, ते आता सांगते.

आधी किल्लारीचं. गावातल्या एका घरी लग्नाचा काळा-पांढरा फोटो भिंतीवर होता. लग्न आणीबाणीतलं. नवरा-नवरी चर्चच्या दारात उभी, मागे मनोरा. मी भिंग मागितलं. नवरीच्या डाव्या खांद्यामागे मनोरा आणि चर्च यांच्या सांध्यावरून उतरणारी भेग स्वच्छ दिसत होती, १९९३ च्या सोळा-अठरा वर्षं आधी. फोटोतली नवरी, आता सत्तरीच्या आजी, शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे त माह्या लग्नातबी व्हती. मी कई पायलीच नाई." भूकंपाने भेग पाडली नव्हती, लोकांचं लक्ष तिच्याकडे वळवलं होतं. त्या पहाटेनंतर प्रत्येकाने आपापली भिंत तपासली असणार.

मग भेगेचं कारण काय? मी पहिल्या भेटीतच ठरवून टाकलं होतं की काळी जमीन. वऱ्हाडातल्या कोणत्याही भेगेला हे उत्तर द्यायची आम्हा लोकांना सवय आहे आणि बहुतेक वेळा ते बरोबर येतं. कपाशीची काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर जड मनोरा आणि हलकं चर्च शेजारी शेजारी बांधलं तर दोघं सारखी बसत नाहीत, आणि सांधा उकलतो. मी मनोऱ्याच्या बुंध्याशी पाहिलं तर सार्वजनिक नळाचं पाणी बारा महिने तिथेच मुरत होतं. चारी बाजूंनी सिमेंटचा ओटा केलेला, त्यामुळे ओल वर भिंतीत चढत होती, आणि भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा, त्यामुळे ती ओल बाहेर पडत नव्हती. नळ हलवा, ओटा फोडा, गिलावा काढा, पाण्याला उताराची नाली करा, असं मी पहिल्या महिन्यातच लेखी दिलं. कमिटीने ते केलं.

आणि मी चुकले होते. म्हणजे अर्धी चुकले होते.

भेगांवर आम्ही साक्षीदार पट्ट्या लावल्या होत्या. काचेची अरुंद पट्टी भेगेवर आडवी, दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवलेली. भेग हलली की काच तडकते. ज्या भेगा जास्त हलतात तिथे काचेऐवजी दोन बाजूंना दोन खिळे आणि त्यांच्यामधलं अंतर दर पंधरवड्याला मोजायचं. मोजायचं काम मावशींच्या नातीने घेतलं. ती तेव्हा अकरावीत होती. तिने शाळेच्या वहीत रकाने आखले आणि एकही पंधरवडा चुकवला नाही. वर्षाच्या शेवटी ती वही घेऊन बसलो तेव्हा दोन वेगळ्याच गोष्टी दिसल्या. खालची, सांध्याची भेग मे महिन्यात उघडत होती आणि ऑगस्टमध्ये मिटत होती. ही काळ्या मातीची सही. वरच्या मजल्याखालच्या भेगा मात्र ऋतू मानत नव्हत्या. त्या कधीच मिटल्या नाहीत. पावसाळ्यातही थोड्या, हिवाळ्यातही थोड्या, पण उघडतच गेल्या. नाली केली, नळ हलवला, तरी वरच्यांना फरक शून्य.

खालच्या भेगेची कितीही देखभाल केली असती तरी मनोरा वरून गेला असता. मी पुन्हा चढले आणि या वेळी घंटेकडे पाहायचं सोडून ती कशावर टांगली आहे ते पाहिलं.

घंटा दोन लोखंडी गर्डरांवर होती. गर्डरांची टोकं थेट भिंतीत चिणलेली. एका गर्डरच्या पोटावर रंगाखाली उठाव लागला. खरवडलं तर 'टिस्को'. टाटांच्या साकचीच्या कारखान्यात पहिलं पोलाद निघालं १९१२ मध्ये. म्हणजे हे गर्डर मनोऱ्याबरोबरचे असूच शकत नव्हते. मग आधी घंटा कशावर होती? गर्डरांच्या एक हात खाली, समोरासमोरच्या भिंतींत विटांनी बुजवलेल्या दोन-दोन चौकोनी खाचा सापडल्या. विटा वेगळ्या मापाच्या, मसाला सिमेंटचा. एका खाचेच्या तळाशी सागवानाचा कुजका तुकडा अजून होता. मूळची रचना अशी की दोन सागवानी तुळया, त्यांवर घंटा जागच्या जागी पक्की, आणि दोर आतल्या लोळ्याला. घंटा हलत नव्हती, लोळा हलत होता. पुढे कधीतरी तुळया कुजल्या. तेव्हा कोणीतरी लोखंडी गर्डर घातले आणि त्याच वेळी घंटेला चाक लावून ती झुलती केली. झुलत्या घंटेचा आवाज लांब जातो, दिसायलाही ती भव्य.

पण झुलणारी घंटा प्रत्येक हेलकाव्याला भिंतीला आडवा धक्का देते. तो पोकळ, कमानींनी आधीच हलक्या केलेल्या विटांच्या मजल्याला सोसायचा असतो. आणि भिंतीत चिणलेलं लोखंड गंजतं. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जागा खातो, दोन ते सहा पट. चहूबाजूंनी दगड-विटा असताना त्याला ती जागा फक्त एकाच प्रकारे मिळते, भिंत उचलून. वरच्या सगळ्या भेगा गर्डरांच्या चार टोकांपासून निघत होत्या. कागदावर रेघा ओढल्या तेव्हा ते इतकं उघड दिसलं की हे वर्षभर आधी का पाहिलं नाही, याची खंत मला अजून आहे. मी ठरलेलं उत्तर घेऊन आले होते, म्हणून मी पहिल्यांदा वर गेले तेव्हा अक्षरं वाचली, गर्डर नाही वाचले.

आता पाडायचं की ठेवायचं याचं उत्तर देता येत होतं. ज्या भागाला अहवालाने निकृष्ट म्हटलं होतं, त्या दुष्काळातल्या मुलांच्या दगडकामात दोष नव्हता. दोष नंतर घातलेल्या चार लोखंडी टोकांत, सिमेंटच्या गिलाव्यात आणि नळाच्या पाण्यात होता. ते काढता येण्यासारखे होते.

हे मी सगळ्यांसमोर मांडलं ती बैठक रविवारच्या उपासनेनंतर ठेवली होती, आणि पाळकसाहेबांनी दार गावासाठी उघडं ठेवलं. हा त्यांचा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. मंडळीपेक्षा बाहेरचेच लोक जास्त आले. मनोरा कायद्याने आपोआप सुरक्षित आहे असा काहींचा समज होता, शंभर वर्षं झाली ना! तसं नसतं. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांची अट आहे खरी, पण ती पात्रतेची. सरकारने अधिसूचना काढून वास्तू संरक्षित ठरवावी लागते. या मनोऱ्याला ठेवलं तर गावच ठेवणार होतं. तरुणांपैकी एकाने विचारलं की नव्या मनोऱ्यावर स्पीकर लावून घंटेचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवला तर काय बिघडलं? तो मुलगा प्रामाणिक होता. त्याच्या पिढीने घंटा नीट ऐकलेलीच नव्हती, मोहोळामुळे ती चार वर्षं बंद होती.

त्याला उत्तर मी दिलं नाही. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने दिलं. ते ख्रिस्ती नव्हते. म्हणाले, "बाबू, पयल्या घंटीले उठाचं, दुसरीले भाकर बांधाची, अन् दिस निंगाच्या आंधी वावरात. घड्याळ कोनापाशी व्हतं? जिनचा भोंगा दिवाळी ते होळी. घंटी बारा मयने." मग दुसरे बोलायला लागले. पुराच्या रात्री ती सलग वाजली होती. मयत झाली की जितकं वय तितके टोले. वावरातली माणसं वखर थांबवून मोजत आणि कोण गेलं असेल याचा अंदाज बांधत. एका बाईने सांगितलं की तिच्या सासूचे टोले तिने निंदताना मोजले होते, एकसष्ट, आणि आकडा कळताच विळा टाकून ती पळत आली होती. स्पीकरवाल्या मुलाने त्यानंतर वाद घातला नाही. पुढे परांची बांधायला तोच सगळ्यात आधी आला.

दुरुस्तीला दोन हिवाळे लागले. पहिल्या हिवाळ्यात घंटा साखळी-कप्पीने उचलून लाकडाच्या ओंडक्यांवर टेकवली आणि गर्डरांची टोकं भिंतीतून सोडवली. हे काम छिन्नी-हातोडीनेच केलं, कटर मशीनचं कंपन मला तिथे नको होतं. भिंतीच्या जुन्या खाचा मोकळ्या करून त्यांत घडीव दगडाच्या बैठका बसवल्या आणि त्यांवर नव्या सागवानी तुळया ठेवल्या. मूळ रचना होती तशीच, फक्त तुळईच्या टोकाभोवती हवा खेळेल एवढी फट ठेवली, कारण आधीच्या तुळया कुजल्या त्या टोकांशीच. घंटा पुन्हा स्थिर झाली, दोर पुन्हा लोळ्याला. लोळ्याचा मार वर्षानुवर्षं एकाच जागी बसून तिथे खळगा झाला होता, म्हणून घंटा थोडी फिरवून टांगली. तिला रंग लावू दिला नाही. सैल गंज तारेच्या ब्रशने काढून तेलाचा हात दिला.

चुन्याचं काम अवघड गेलं. काम अवघड होतं म्हणून नव्हे, तर हात मिळेनात म्हणून. सिमेंट आल्यापासून चुन्याचे मिस्त्री संपत गेले. शेवटी मंदिरांची दुरुस्ती करणारे एक मिस्त्री मिळाले. त्यांनी खड्डा खणून कळीचा चुना महिनाभर विरवला, विटांची सुरखी, म्हणजे भुकटी, चाळली, पाण्यात गूळ आणि बेलफळ भिजवलं. बैलाचा घाणा गावात कुठला. मसाला मिक्सरच्या गिरणीत मळला, तो चालला. सिमेंटचा गिलावा उतरवल्यावर भिंत एक आख्खा उन्हाळा नुसती वाळू दिली आणि मग दर्जा, म्हणजे दगड-विटांमधले सांधे, भरल्या. या थांबण्यावरून कमिटीत कुरबुर झाली, पैसे अडकून पडले होते. पण ओल्या भिंतीत चुना भरणं म्हणजे चुना आणि मजुरी दोन्ही वाया घालवणं. विटांच्या सांध्यात रुजलेला पिंपळ मुळापर्यंत काढायला तर चौदा दिवस गेले. अर्धवट काढलेला पिंपळ दुप्पट जोमाने येतो.

सांध्याची खालची भेग आम्ही बुजवली नाही. यावर मला अजून प्रश्न विचारले जातात. मनोरा आणि चर्च या दोन वेगळ्या वजनाच्या वास्तू आहेत आणि काळी माती दर वर्षी त्यांना वेगवेगळं हलवणारच. घट्ट भरली तर भेग शेजारी दुसरीकडे पडेल. तिच्यात मऊ चुना भरून वरून पाणी जाणार नाही एवढी पट्टी केली आहे. ती मेमध्ये उघडते, ऑगस्टमध्ये मिटते. पाणी बुंध्याशी मुरायचं थांबल्यापासून तिचं उघडणं आधीपेक्षा कमी झालं आहे. वरच्या भेगांवरच्या काचा लावल्या तशा शाबूत आहेत.

घंटेचा आवाज आधीपेक्षा लहान झाला आहे, हे खरं. स्थिर घंटा झुलत्या घंटेइतकी लांब जात नाही. पलीकडच्या वस्तीवरच्या लोकांनी तशी तक्रार केली, आणि झडपांच्या पट्ट्या खालच्या बाजूला जरा मोकळ्या केल्यावर थोडा फरक पडला, पूर्ण नाही. मला मनोरा आणि आवाज यांतून एक निवडावं लागलं आणि मी मनोरा निवडला.

शेवटचं काम कागदाचं होतं. काय काढलं, काय ठेवलं, चुन्यात काय मिसळलं, तुळयांची मापं, खाचा कुठे आहेत, भेगांच्या मोजणीचे खिळे कोणत्या दगडांत आहेत, हे सगळं चार पानांत मराठीत लिहून लग्नाच्या जुन्या रजिस्टराशेजारी कपाटात ठेवलं आहे. टिस्कोचा शिक्का असलेला गर्डरचा एक फूटभर तुकडा आणि घंटेवरच्या अक्षरांचा कोळशाचा ठसा त्याच कपाटात आहे. मावशींची नात आता अमरावतीला शिकते. खिळ्यांमधलं अंतर हल्ली स्पीकरवाला मुलगा मोजतो, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुसऱ्या घंटेच्या आधी.